पिकअपचं ॲव्हरेज का पडलं

३ फेब्रुवारी, सोमवार

दहा! लिटरला फक्त दहा किलोमीटर. भागाकार पुन्हा करून पाहिला. दहाच. गेले काही महिने हिशोब केला नव्हता, पण ही पिकअप घेतल्यापासून चौदाच्या खाली कधी उतरली नव्हती. चढ असो, खड्डे असोत — चौदा. आणि मी नेतो काय, तर गाद्या! कारखान्यातून उचलायच्या आणि दुकानांत पोचवायच्या. गाद्यांना वजन ते किती असणार? सिमेंट वाहत असतो तर गोष्ट वेगळी.

पंपावरची बाई म्हणाली, "काका, एवढ्यात संपलं?" मी म्हटलं, "हो." आणखी काय म्हणणार.

घरी आलो तर लेक ऑफिसातून येऊन बसली होती. दोघं जेवलो. काय जेवलो ते आत्ता आठवत नाही.

५ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे गेलो. पहिल्यापासून गाडीला हात लावतो तो हा एकटाच. त्यानं एअर फिल्टर काढून माझ्या नाकासमोर आपटला. धुळीचा लोट. म्हणाला, "भाऊ, इंजिनानं श्वास कुठून घ्यायचा?" नवा टाकला. आता पळेल म्हणाला.

ताईचा फोन. माझी बायको गेल्यापासून माझी ही थोरली बहीण नेमानं फोन करते. प्रश्न तोच — "रडलास का रे?" नाही म्हटलं. "रडून घे एकदा. असं साठवून ठेवू नये." मी म्हटलं, "फिल्टर बदललाय, बघू काय फरक पडतो." मग "बरं" म्हणाली.

बायको गेली त्याला पाच महिने होत आले. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे — मला वाईट वाटत नाही. बरंही वाटत नाही. दातवाल्या डॉक्टरनं सुई दिली की गाल कसा आपला राहत नाही? बोटानं दाबला तरी दुसऱ्या कुणाचा तरी. तसं सगळं आहे. ॲव्हरेज पडल्यापासून निदान डोक्याला एक काम तरी लागलंय.

८ फेब्रुवारी

दहाच. फिल्टर नव्हे.

१० फेब्रुवारी

टायरमधली हवा तपासली. बरोबर. भोंगा भेटला कारखान्याच्या गेटावर. तोही गाद्याच नेतो. आवाज असा की त्याच्या गाडीला हॉर्न बसवला नसता तरी चाललं असतं, म्हणून भोंगा. सगळ्या गेटाला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, कुणीतरी डिझेल मारतंय तुझं! नळी टाकून! टाकीला कुलूप लाव!"

लावलं कुलूप.

१२ फेब्रुवारी

कुलूप शाबूत. ॲव्हरेज दहा. चोर नाही. मला थोडं वाईट वाटलं — चोर सापडला असता तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी

मिस्त्रीनं आज वेगळंच सांगितलं. "बाजारातून एक चक्कर मारून या, आणि आल्या आल्या चाकांना हात लावा. ब्रेक चिकटत असेल तर ते चाक तापलेलं लागेल." बसल्या जागी ब्रेक अर्धवट दाबलेला राहिला की गाडी स्वतःशीच ओढाताण करत चालते म्हणे, डिझेल पिते.

आलो. हात लावला. पुढचं डावं — तापलेलं! मी खूश. मग उजवं लावलं. तेही. मागची दोन्ही पण.

मिस्त्री डोकं खाजवायला लागला. "चिकटला तर एखादा चिकटतो. चारही एकदम कसे चिकटतील?" खोलून बघितलं. ब्रेकचे लायनर संपत आलेले. हे तर यानंच बसवले होते, आणि एवढ्यात संपायचे नव्हते.

"भाऊ, तुम्ही ब्रेक फार मारता का?"

"लागतो तेवढा मारतो."

"मग रस्त्यालाच जास्त लागत असेल," म्हणाला, आणि हसला. मीही हसल्यासारखं केलं. लायनर नवे टाकले.

१४ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातला दिवा बदलला. जुना पार मेला होता. नवाही तसाच निघाला! हल्ली वस्तूच अशा येतात. लेक म्हणाली, "बाबा, डोळे दिपतायत एवढा उजेड आहे." तिचं आपलं काहीतरी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. गाडी धुतली. पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळट झाल्यात असं वाटलं म्हणून टूथपेस्ट लावून घासल्या. पुढची काच आतून-बाहेरून पुसली, वायपर नवे घातले. तरी काचेवर एक पापुद्रा असल्यासारखं वाटतंच. ताईला म्हटलं, सगळंच मळकट दिसतं गं हल्ली. ती म्हणाली, "दुःखात असंच होतं. जगाचा रंगच जातो." असेल.

बायकोची सीट पुसली. ती बसायची त्या बाजूची. पोरगी मोठी झाल्यापासून ती माझ्याबरोबर गाडीवर यायची. गाद्या मोजून द्यायची, दुकानदाराची सही घ्यायची, आणि बाकी वेळ बोलायची. अखंड! "डावीकडून सायकल येतेय हो. — त्या बाईला जाऊ द्या आधी. — पुढे सगळा रस्ता मोकळा आहे, कशाला रांगताय, टाका वरचा गिअर." मी वैतागायचो. एकदा तर म्हणालो, स्टिअरिंगही घे ना तूच! तर म्हणे, "द्या."

आता गाडीत शांतता असते. शांततेचा त्रास होत नाही. काहीच होत नाही.

सीट पुसून झाल्यावर फडकं पिळलं. वाळत घातलं. मग दिवसभर काही काम नव्हतं.

१९ फेब्रुवारी

दहा. तेही जेमतेम. लायनर नव्हे.

२० फेब्रुवारी

इंजेक्टर साफ केले. डिझेल फिल्टर बदलला. क्लच बघितला, घसरत नाही. गळती नाही. धूर काळा नाही. मिस्त्रीनं हात टेकले. गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि जमिनीवरच बसून राहिला. "भाऊ, माझ्या बाजूनं गाडी ठणठणीत आहे. हिचा चाललाय कुठला हट्ट, मला कळत नाही." चहा मागवला. दोघं गाडीकडे बघत चहा प्यायलो, एखाद्या हट्टी म्हाताऱ्याकडे बघावं तसं.

२१ फेब्रुवारी

कारखान्याच्या मालकानं हटकलं. म्हणाला, दुकानांतून तक्रारी येतायत — माल संध्याकाळी पोचतो, पूर्वी दुपारी यायचा. "जमत नसेल तर सांगा, मोकळेपणानं." मी म्हटलं, गाडीचं काम चाललंय.

खरंच चाललंय की.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताप. अंग मोडून आलंय. लेकीनं भोंग्याला फोन करून माझ्या फेऱ्या मारायला सांगितलं. त्याची गाडी दुरुस्तीला टाकलीये, रिकामाच आहे. माझी पिकअप घेऊन जाणार. मी म्हटलं, टाकी फुल करून घे आणि आकडा लिहून आण. तापातही! लेक माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळावरची पट्टी बदलली.

२६ फेब्रुवारी

भोंगा आला. किल्ली टेबलावर ठेवली. "साडेतेरा!"

"काय साडेतेरा?"

"ॲव्हरेज, राजा! कशाला उगाच मिस्त्रीच्या नावानं बोंब मारतोस? गाडी लोण्यासारखी पळते. मला विकतोस का?"

तोच रस्ता. तीच दुकानं. त्याच गाद्या. तोच पंप.

मी त्याला पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मग म्हणालो, तू आकडा चुकीचा लिहिलास. तो म्हणाला, "मी कशाला चुकीचा लिहू?" मी म्हणालो, मोठेपणासाठी. तो उठला. जाताना एवढंच म्हणाला — हळू आवाजात, आणि भोंगा हळू बोलला की ऐकणाऱ्याला भीती वाटते — "अरे, ताप होता म्हणून सोडून देतो."

लेक दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

२७ फेब्रुवारी

गाडीत खोट नाही. मग खोट कुणात?

आज गाडी काढली, स्वतःवर लक्ष ठेवून चालवली. मी चालवतो तशीच चालवतो. सावकाश. जपून. बायको गेल्यापासून जरा जास्तच जपून, मान्य आहे. पोरीला आता एक मीच आहे. जपून चालवणं हा काय गुन्हा झाला?

ॲव्हरेज पुन्हा दहावर. टाळकं सटकायला हवं होतं. सटकलं नाही. नुसता आकडा लिहिला.

१ मार्च, शनिवार

लेकीला आज सुट्टी. म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर." म्हटलं, कशाला? म्हणे, "सह्या घ्यायला." आईच्या सीटवर बसली. पट्टा लावला.

कारखान्यातून माल उचलला, निघालो. मग — "बाबा, गाडी ओरडतेय. तिसरा टाका ना."

"पुढे गर्दी आहे."

"पुढे कुणीच नाहीये, बाबा."

मी तिसरा टाकला. लगेच पुढे काहीतरी काळं आलं, ब्रेक मारला. झाडाची सावली होती. तिनं माझ्याकडे बघितलेलं मला जाणवलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. या वेळी काय होतं मला कळलंच नाही, पण ब्रेक मारला. दुसऱ्या गिअरमध्ये सगळा बाजार पार केला. मागून हॉर्न. हल्ली हॉर्न वाजतच असतात.

मग चौकातून वळलो. ऊन समोरून. सगळी काच पांढरी झाली, अशी हल्ली होते. मी अंदाजानं पुढे घेतली. आणि लेक किंचाळली — "बाबा! ब्रेक!"

मारला. वरच्या गाद्या सरकून टपावर आल्या. बॉनेटवर खाडकन काठी बसली. एक म्हातारे गृहस्थ. बॉनेटला चिकटून उभे. डावीकडून रस्ता ओलांडत होते. मला ते दिसलेच नव्हते. काठीचा आवाज आला तेव्हा पहिल्यांदा दिसले, तेही नुसता आकार, तोंड नाही.

"आंधळा आहेस का रे!" ओरडले.

त्यांना काही लागलं नाही. लेक खाली उतरली, त्यांचा हात धरून पलीकडे सोडून आली, माफी मागितली. मी स्टिअरिंग धरून बसून होतो. घाबरायला हवं होतं. घाबरलो, पण बऱ्याच वेळानं.

ती परत आली. माझ्या बाजूचं दार उघडलं. म्हणाली, "बाबा, समोरच्या दुकानाची पाटी वाचा."

"कुठल्या दुकानाची?"

तिनं बोट दाखवलं. मी आणखी नीट बघितलं. उजेड होता, आणि त्या उजेडात काही चौकोन होते.

"सरका," म्हणाली. गाडी तिनं चालवली. मीच शिकवली होती तिला, कॉलेजात होती तेव्हा. सगळा माल पोचवला. किल्ली आता तिच्या पर्समध्ये आहे.

२ मार्च

भोंग्याकडे गेलो, चालत. त्याला म्हटलं, आकडा बरोबर होता तुझा. तो म्हणाला, "मला माहीत आहे." मग त्यानं मला दंडाला धरून पायरी चढवली. मला पायरी दिसत होती. तरी दंड सोडवला नाही.

४ मार्च, मंगळवार

डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे, लेकीच्याच वयाची. हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत प्रकाश मारला, इकडे बघा, तिकडे बघा. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले पिकलेत. कधीपासून अंधुक दिसतंय?"

मी म्हटलं, बायको गेल्यापासून. पाच महिने.

"नाही हो काका. हे पाच महिन्यांतलं नाही. दोन वर्षं तरी झाली असतील, जास्तच. उन्हात पांढरं दिसतं? रंग फिके वाटतात? सगळ्यावर पिवळट झाक?"

हो, हो, हो.

"आणि काम काय करता?"

"गाडी चालवतो."

तिचं पेन थांबलं. तिनं लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "दोन वर्षं? या डोळ्यांनी? कशी चालवलीत?"

मला उत्तर माहीत होतं.

डावीकडून सायकल येतेय हो. त्या बाईला जाऊ द्या आधी. पुढे रस्ता मोकळा आहे, टाका वरचा गिअर.

दोन वर्षं गाडी मी चालवलीच नाही. मी फक्त स्टिअरिंग धरलं होतं.

५ मार्च

सकाळी लेकीला विचारलं, "तुझ्या आईला माहीत होतं?"

ती चहा गाळत होती. गाळतच राहिली. म्हणाली, "हो."

"मग बोलली का नाही?"

"यांना सांगितलं तर गाडी सोडतील, घरात बसतील आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकात चुका काढतील — असं म्हणायची." हसली जराशी. "भुगा करतील माझ्या डोक्याचा, म्हणायची. पण नेणार होती, बाबा. डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती. मग तिच्याच पोटात दुखायला लागलं. म्हणाली, आधी माझं बघू, मी जरा बरी झाले की यांना नेते. त्या धावपळीत माझ्याही डोक्यातून गेलं, आणि इतकं वाढलं असेल असं वाटलं नाही."

ती बरी झाली नाही. यकृताचं होतं. समजलं तेव्हा वेळ गेली होती.

मी कप उचलला. चहा गरम होता. भाजला. बरं वाटलं, भाजलेलं कळलं म्हणून.

६ मार्च

मिस्त्री येऊन गेला. लेकीनं कळवलं असणार. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये आणि ब्रेकवर पाय ठेवून चाललं होतं सगळं," म्हणाला. "चारही चाकं तापलेली बघून माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. मी आपला गाडीलाच विचारत बसलो." मग चहा घेतला. जाता जाता म्हणाला, गाडी अधूनमधून सुरू करून ठेवा, बॅटरी उतरेल.

फेऱ्या भोंगा मारतोय. आपल्या आणि माझ्या, दोन्ही. मालकाशी तोच बोलला. काय बोलला ते सांगत नाही, पण कारखान्याच्या पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असणार.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. उद्या ऑपरेशन म्हटल्यावर रडायला लागली. मीच समजूत घातली. "अगं, डोळ्याचं आहे, दहा मिनिटांत होतं." ती म्हणाली, "मी म्हणत होते ना, दुःखानं असं दिसतं — मी कशाला बोलले असं!" मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं. मला वाटलं होतं, बायको गेली म्हणून उजेड गेला.

उजेड आधीच गेला होता. ती होती म्हणून कळलं नाही.

मग तिच्या जाण्याचं म्हणून जे काही असतं, ते कुठंय? ते अजून आलंच नाहीये का?

१० मार्च

आज डावा डोळा. नंतर लिहायचं नाही असं बजावलंय. म्हणून आधीच लिहितो.

१२ मार्च

काल पट्टी काढली. आधी पांढरं, मग निळं — भिंत निळी आहे दवाखान्याची, किती निळी! मग समोर लेक. गालफडं आत गेलेली. डोळ्यांखाली काळं, आणि कानाशी पांढरे केस, तिच्या वयाला न शोभणारे. ही केव्हा अशी झाली? एकाच घरात राहतो आम्ही. एकाच टेबलावर जेवतो.

ती विचारत होती, "दिसतंय का, बाबा? दिसतंय?"

दिसतंय म्हटलं. आणि तेव्हाच लक्षात आलं की दुसरा एक चेहरा मी दोन वर्षं नीट बघितलेलाच नाही, आणि आता तो बघायला मिळणार नाही.

घरी आल्यावर तिला समोर बसवलं. म्हटलं, "तुझी आई शेवटी शेवटी कशी दिसत होती गं? मला सांग. सगळं सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली. डॉक्टरनं डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तरी लागलं.